उसाच्या काट्यावरची तक्रार टीव्हीची शोधबातमी कशी होते

बेळगाव जिल्ह्यात गाळप सुरू झाले की एक तक्रार हमखास कानावर येते, 'काटा मारला'. ट्रॉलीचे वजन बाहेरच्या काट्यावर एक भरते, कारखान्याच्या काट्यावर दुसरे. पारावर, टपरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर चार महिने ही चर्चा चालते आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की विरून जाते. टीव्हीवरही ती अधूनमधून दिसते. चिडलेल्या शेतकऱ्याची बाइट (कॅमेऱ्यासमोरचे दोन शब्द), मागे ट्रॅक्टरची रांग, शेवटी 'प्रशासन याकडे लक्ष देणार का' हा प्रश्न, आणि बातमी संपते. ती तक्रारीची बातमी असते. शोधबातमीत तक्रार खरी आहे की नाही हे बातमीदार स्वतः तपासतो, आणि त्या तपासाचा पुरावा प्रेक्षकासमोर ठेवतो.

या दोन्हींमध्ये चार ते सहा आठवड्यांचे काम असते आणि त्यातले बहुतेक कॅमेऱ्याशिवाय होते. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यात काम करणारा टीव्हीचा शोध पत्रकार नेमके काय करतो, हे या एकाच तक्रारीच्या आधाराने समजून घेऊ. बिदर-भालकीत किंवा कारवार-हल्याळात विषय वेगळा असेल, पण पद्धत हीच राहील. उदाहरणातली वजने समजावण्यापुरती धरलेली आहेत, कोणत्याही एका कारखान्याची नाहीत.

आधी काटा समजला पाहिजे

समजा, बाहेरच्या खासगी काट्यावर भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन २६.३८० टन आले आणि कारखान्यात २५.६३० टन. फरक ७५० किलोचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली. त्या दराने एका खेपेत २,६६२ रुपये गेले. आकडा मोठा आहे, पण बातमी अजून झालेली नाही.

पहिला प्रश्न असा, की दोन्ही वजने भरलेल्या गाडीचीच आहेत ना? कितीतरी तक्रारी इथेच कोसळतात, कारण एका पावतीवर भरलेले वजन असते आणि दुसरीवर निव्वळ. दुसरा प्रश्न चालकाचा. एका काट्यावर चालक आणि पोऱ्या गाडीत बसून होते आणि दुसऱ्यावर खाली उतरले, तर तिथेच शंभर-सव्वाशे किलो हलतात. मग वेळ. तोडलेला ऊस वाळतो. सकाळी अकराला बाहेर वजन करून गाडी कारखान्याच्या रांगेत रात्रभर थांबली असेल, तर ती तुलना टिकणार नाही. दोन्ही वजनांमध्ये तासाभरापेक्षा जास्त अंतर नको. डिझेलची काळजी फार करू नये. लिटरचे वजन किलोपेक्षा कमीच असते, दहा लिटर जळाले तरी आठ-साडेआठ किलोंचाच फरक पडतो.

काटा चालतो कसा, हेही बातमीदाराला तोंडपाठ हवे. गाडी उभी राहते त्या फळीखाली लोडसेल असतात, साधारण सहा ते आठ. वजन पडले की त्यांतला धातू केसभर वाकतो. त्या वाकण्याने विजेचा संकेत बदलतो आणि केबिनमधला इंडिकेटर तो बदल किलोंमध्ये दाखवतो. म्हणून वजन तीन ठिकाणी बिघडू शकते किंवा बिघडवता येते. एक फळीखाली, दुसरे सगळ्या लोडसेलच्या तारा एकत्र येतात त्या जोडणीच्या पेटीत, तिसरे इंडिकेटरच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे आकडा खऱ्या वजनाशी जुळवण्यात. फळी आणि बाजूचे काँक्रीट यांच्या फटीत पाचट-माती अडकली तरी काटा कमी दाखवतो. त्यामागे लबाडी असेलच असे नाही. दोन ट्रॉल्यांची लांब गाडी असेल आणि मागचे चाक फळीबाहेर राहिले, तरी वजन कमीच येणार.

शिवाय चांगल्या काट्यालाही कायद्याने थोडी चूक माफ असते. व्यापारी वजनकाट्याचा पडताळणीचा टप्पा (आकडा ज्या अंतराने पुढे सरकतो तो) १० किलोचा असेल, तर २० टनांच्या वर पडताळणीच्या वेळी १५ किलोंपर्यंतची चूक चालते आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० किलो. एक काटा ३० किलो जास्त आणि दुसरा ३० किलो कमी दाखवत असेल, तर दोन्ही नियमात असूनही ६० किलोंचा फरक निघतो. म्हणून ५० किलोंच्या फरकावर बातमी करणारा पत्रकार पहिल्याच नोटिशीत अडकतो. ७५० किलोंची गोष्ट वेगळी.

शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात ठीक आहे, इथे ती चालत नाही. किमान दहा-बारा गाड्या हव्यात, वेगवेगळ्या दिवशी, दिवसपाळीच्या आणि रातपाळीच्याही. प्रत्येक गाडी आधी एका नव्हे, दोन खासगी काट्यांवर न्यायची, कारण बाहेरचा काटाच जास्त दाखवत असेल तर सगळा डोलारा कोसळतो. रिकाम्या गाडीचे वजनही तिन्ही ठिकाणी करायचे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख कधीकधी तिथेच असते. भरलेले वजन बरोबर दाखवून रिकाम्या ट्रॉलीचे वजन ३०० किलोंनी वाढवले, तरी शेतकऱ्याचे ३०० किलो गेलेच.

मग आकडे वहीत एकाखाली एक मांडून बघायचे. फरक कधी अधिक, कधी उणे येत असेल तर काटा बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक वेळी साधारण तितकेच किलो कमी येत असतील तर शून्य किंवा रिकाम्या वजनाकडे बघावे. गाडी जड तसा फरकही त्याच टक्क्याने वाढत असेल तर कॅलिब्रेशनवर संशय घ्यावा. आणि फरक फक्त रातपाळीलाच येत असेल, तर पाणी कुठे मुरते आहे हे शोधायला जागा सापडली.

कागद कोणाकडे, आणि कोणत्या भाषेत

कारखाना खासगी असेल तर त्याला थेट माहिती अधिकार लागू होत नाही. सहकारी असला तरी तो आपोआप कायद्याखाली येतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहकारी संस्थांबाबत हे स्पष्ट केले आहे. पण काट्याची पडताळणी करणारे वजनमापे खाते सरकारी आहे, आणि त्याच्याकडे असलेला कागद मागता येतो. वजनकाट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हायला हवी. तिचा दाखला, अधूनमधून झालेल्या तपासण्यांचे अहवाल, आलेल्या तक्रारी आणि त्यांवर झालेली कार्यवाही, हे सगळे फायलीत असते.

आता सीमाभागातली अडचण. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. कर्नाटकात राजभाषा कानडी आहे. बेळगावच्या कार्यालयात मराठीत अर्ज दिला तर तो भाषेच्या कारणाने परत येऊ शकतो आणि महिना वाया जातो. याबद्दल मराठी माणसाच्या मनात काय आहे ते सर्वांना माहीत आहे, आणि ते दुखणे खरे आहे. पण बातमीसाठी कागद हवा असेल तर अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत करावा. हिंदीतला अर्जही कायद्याने घ्यावाच लागतो, तिथे देवनागरी चालते.

कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक अट आहे. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. म्हणून अर्जात कथा सांगू नये. 'अमुक कारखान्याच्या वजनकाट्याचे १ एप्रिल २०२३ पासून आजपर्यंतचे सर्व पडताळणी दाखले, तपासणी अहवाल, आलेल्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीच्या प्रती द्याव्यात' एवढे पुरते. 'कारवाई का केली नाही?' असे विचारले की उत्तर येते, 'ही माहिती नाही, स्पष्टीकरण आहे.' शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तराची मुदत ३० दिवस. खाते चुकले असेल तर तेच पाच दिवसांत अर्ज योग्य खात्याकडे पाठवते. मुदत उलटली की माहिती मोफत द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे एक पीठ बेळगावात बसते, प्रत्येक तारखेला बंगळूर गाठावे लागत नाही. आयोगाच्या निकालाला मात्र महिने लागतात, म्हणून अर्ज बातमीच्या पहिल्याच दिवशी टाकायचा असतो.

हाती येणारा कागद कानडीत असणार. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. बेळगावात वाढलेल्या बहुतेकांना कानडी बोलता येते, अडते ते वाचताना. अक्षरओळखीला दोन-तीन महिने दिले की सरकारी कानडी वाचता येते, कारण तिथले शब्द ठरलेले असतात. 'कब्बु' म्हणजे ऊस, 'तूक' म्हणजे वजन, 'ओट्टु' म्हणजे एकूण. नावापुढे 'तंदे' आले की पुढचे नाव वडिलांचे, 'गंड' आले की नवऱ्याचे. कानडी आकडे मात्र स्वतंत्रपणे घोटून घ्यावेत. घाईने लिहिलेले सहा आणि नऊ एकमेकांसारखे दिसतात, आणि वजनाच्या बातमीत एका आकड्याची चूक म्हणजे सगळी बातमी गेली. महत्त्वाचा उतारा कानडी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्यावाच.

सीमेवरचा ऊस दोन्ही बाजूंना जातो. कागल-चंदगडचा इकडे, इकडचा तिकडे. म्हणून हिशेबही दोन पद्धतींचे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, कर्नाटकाच्या आरटीसीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, एकर-गुंठे. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एक एकर म्हणजे ४० गुंठे. आरटीसीच्या नवव्या रकान्यात खातेदाराचे नाव असते, अकराव्यात इतर हक्क आणि बोजा. गावांच्या नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेळगावी' आहे, त्याआधीच्या नोंदी जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहेत. कंपन्यांच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधताना दोन्ही स्पेलिंगे टाकली नाहीत तर निम्म्या फायली दिसतच नाहीत.

माहिती देणारा माणूस

काट्याच्या केबिनमध्ये बसणारा कारकून, पाळीवरचा मजूर, ट्रॅक्टरचालक, यांच्यापैकी कोणीतरी बोलतो म्हणून आतली गोष्ट कळते. बोलणाऱ्याची नोकरी जाईल, उसाची तोड थांबेल, कधी त्याहून वाईट होईल. म्हणून त्याला आधीच स्पष्ट सांगायचे की नाव येणार की नाही, चेहरा दिसणार की नाही, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर पत्रकार कुठपर्यंत साथ देऊ शकतो. भारतात पत्रकाराला सूत्र लपवण्याचा बिनशर्त हक्क देणारा कायदा नाही. प्रेस कौन्सिलच्या कायद्यात सूत्रांबद्दल एक तरतूद आहे, पण ती कौन्सिलपुढच्या कामकाजापुरती, आणि कौन्सिलचा अधिकार वृत्तपत्रांवर चालतो, टीव्हीवर नाही. सुरक्षित मार्ग एकच. फोन जप्त झाला तरी सूत्र सापडू नये अशी व्यवस्था ठेवायची. नंबर टोपणनावानेही साठवायचा नाही, भेट ठरवताना व्हॉट्सॲप ग्रुप वापरायचा नाही, आणि कारखान्याच्या गावात तर मुळीच भेटायचे नाही.

चेहरा धूसर केला म्हणजे माणूस लपला, हा टीव्हीवाल्यांचा सर्वांत घातक समज आहे. गावातले लोक माणसाला चालीवरून, अंगठीवरून, गळ्यातल्या गमछावरून ओळखतात. आपल्या भागात ट्रॉलीच्या फाळक्यावर 'श्री मायाक्का प्रसन्न', 'यल्लम्मा प्रसन्न' असे रंगवलेले असते, खाली गावाचे नाव, कधी मालकाचे आडनाव आणि मुलांची नावेही. चालकाचा चेहरा झाकला आणि मागे तो फाळका अर्धा सेकंद दिसला, तर अख्ख्या तालुक्याला माणूस कळतो. म्हणून अशी मुलाखत ट्रॉलीजवळ घ्यायचीच नाही. मोकळ्या भिंतीसमोर, उजेड पाठीमागून, फक्त सावली दिसेल अशी. आवाज यंत्राने जाड-बारीक केला तर तो उलटवता येतो, त्यामुळे शब्द दुसऱ्या माणसाकडून बोलवून घ्यावेत आणि 'आवाज बदलला आहे' असे पडद्यावर लिहावे. मूळ चित्रफितीची प्रत संपादन कक्षात फिरू द्यायची नाही.

आता कॅमेरा

चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याचे आणि फोनचे घड्याळ एकमेकांशी जुळवून घ्यावे. बॅटरी पूर्ण उतरलेला कॅमेरा अनेकदा जुन्याच तारखेवर जातो, आणि जानेवारीतले चित्रीकरण पाच वर्षांपूर्वीचे दिसू लागते. प्रत्येक वजनाचा शॉट सलग घ्यायचा. गाडी फळीवर चढते, चारही बाजूंनी चाके आत असल्याचे दिसते, चालक उतरतो, इंडिकेटरवर आकडा स्थिर होतो, पावती निघते, आणि पावतीचा आकडा इंडिकेटरच्या आकड्याशेजारी धरून दाखवला जातो. मध्ये कट मारला की समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. हे खासगी काट्यावर मालकाच्या परवानगीने सहज जमते. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरणे म्हणजे गुन्हेगारी स्वरूपाचा अतिक्रम. तिथे शेतकऱ्याला मिळालेली पावती हाच आधार, आणि फाटकाबाहेरचा सार्वजनिक रस्ता ही कॅमेऱ्याची जागा.

टीव्हीत चित्रापेक्षा आवाज जास्त वेळा दगा देतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात. मुलाखतीमागे गाणे वाजत असेल तर वाक्याच्या मधोमध संपादन करताच येत नाही, गाणे तुटलेले ऐकू येते. वर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो तो वेगळाच. चालकाला विनंती करून गाणे बंद करवायचे, कॉलरचा माइक लावायचा, हेडफोन घालून स्वतः ऐकायचे. शेवटी त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा टिपायचा, तो संपादनात जोडांवर कामाला येतो.

सेकंदाला ५० मेगाबिटच्या दराने फुल एचडी चित्रीकरण तासाला साधारण २२ जीबी जागा खाते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास बसतात. संध्याकाळी कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्यायच्या आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवायची. प्रत घेतल्याबरोबर प्रत्येक फाइलचा हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने तो ६४ अक्षर-आकड्यांचा येतो, आणि फाइलमधली एक चौकट (फ्रेम) जरी बदलली तरी संपूर्ण बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जो दाखला द्यावा लागतो, त्यात हा हॅश लिहायचा असतो. असा दाखला सक्तीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, जुन्या कायद्याच्या संदर्भात ठरवले होते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या फोनमधला व्हिडिओ केबलने घ्यावा, आणि त्याला सांगावे की मूळ फोनमधून तो पुसू नको.

ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासावी. सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, यांमुळे बेळगावच्या आसपासचे मोठे आकाश परवानगीशिवाय वापरता येत नाही. लष्करी हद्द चुकून चित्रात आली तर उसाची बातमी बाजूला राहते आणि शासकीय गुपिते कायद्याची चौकशी मागे लागते.

छुपा कॅमेरा कधी

'शोध पत्रकारिता' म्हटले की लोकांना आधी हाच आठवतो. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार 'ऑपरेशन दुर्योधन' मध्ये दिसले आणि त्याच महिन्यात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. ही या मार्गाची ताकद. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, दिल्लीतल्या एका शिक्षिकेवरचे स्टिंग बनावट निघाले. तोवर जमावाने तिला मारहाण केली होती. ते दाखवणाऱ्या वाहिनीचे प्रक्षेपण सरकारने महिनाभर बंद केले. त्या शिक्षिकेच्या आयुष्याचे जे झाले ते कोणत्याही बंदीने भरून येणारे नव्हते.

नियम असा, की दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल आणि विषय लोकहिताचा असेल तरच हा मार्ग धरावा. वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्या आचारसंहितेतही स्टिंग हा शेवटचा उपाय मानला आहे. आणि आमिष दाखवून गुन्हा घडवायचा नाही. पत्रकाराने लाच पुढे केली म्हणून समोरच्याने घेतली, तर स्टिंग करणाऱ्यावरही खटला चालू शकतो, हे २०१४ च्या रजत प्रसाद निकालाने स्पष्ट आहे. काट्याच्या बातमीत छुप्या कॅमेऱ्याची गरज बहुधा पडत नाही. पावत्या बोलतात. स्वतः सहभागी असलेले बोलणे नोंदवणे वेगळे आणि दुसऱ्या दोघांचा फोन चोरून ऐकणे वेगळे. दुसरा प्रकार सरळ गुन्हा आहे.

समोरच्याला विचारायचे

पुरावा जमला की कारखान्याला प्रश्न लेखी पाठवायचे, ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही, आणि निदान तीन दिवसांची मुदत द्यायची. 'काटामारीबद्दल आपले म्हणणे काय?' असा मोघम प्रश्न कामाचा नाही. तारीख, पावती क्रमांक, दोन्ही वजने, फरक, आणि त्याबद्दल खुलासा, असे प्रत्येक गाडीचे वेगळे विचारायचे. कधीकधी उत्तरातून खरोखर वेगळीच गोष्ट कळते. त्या आठवड्यात एक लोडसेल बदलला होता, त्याचा दाखला आहे. मग बातमी बदलावी लागते, आणि बदलावी. प्रक्षेपणाच्या तासभर आधी फोन करून 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असे सांगणे हा अप्रामाणिकपणा आहे आणि न्यायालयात तो उघडा पडतो.

स्क्रिप्टबद्दल थोडक्यात. मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्दांच्या गतीने जाते, म्हणजे तीन मिनिटांच्या पॅकेजमध्ये बाइट वगळून जेमतेम दोनशे-अडीचशे शब्द. बारा गाड्यांचे बारा आकडे वाचून दाखवू नयेत. ते तक्त्यात ठेवावेत आणि एकाच गाडीचा प्रवास पूर्ण दाखवावा. 'लूट' हा शब्द निवेदकाने वापरू नये. 'बारापैकी अकरा गाड्यांचे वजन कारखान्याच्या काट्यावर कमी भरले' हे सिद्ध करता येते. लूट म्हणायची तर हेतू सिद्ध करावा लागतो.

हे काम करणाऱ्याचे आयुष्य

सुरुवात बहुधा स्ट्रिंगर म्हणून होते. महिन्याचा पगार नाही, बातमीमागे पैसे, तेही लागलेल्या बातमीचेच. सहा आठवडे एका बातमीमागे घालवणाऱ्याला ही पद्धत सर्वांत जास्त मारते. म्हणून अनेक जण रोजच्या बातम्या, कोर्टाच्या तारखा, अधिवेशन सुरू असेल तर बेळगावच्या सुवर्णसौध या विधिमंडळ इमारतीतली धावपळ हे सगळे सांभाळून उरलेल्या वेळात शोधाचे काम करतात. जाहिराती आणण्याची जबाबदारीही जिल्हा प्रतिनिधीवर टाकली जाते. साखर कारखान्याची जाहिरात आणणाऱ्यानेच त्याच्या काट्याची बातमी करायची, हे जमत नाही. ते पहिल्या दिवशीच संपादकाला सांगावे. पुढचा टप्पा बंगळूर, मुंबई किंवा पुण्याच्या डेस्कचा, आणि त्यापुढे शोधपथकाचा, जिथे एका बातमीला महिना मिळू शकतो. शिक्षणासाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ जवळ आहेत. पण पदवीपेक्षा कानडी वाचन, ताळेबंद समजणे आणि टेंडरची फाइल उलगडता येणे यांना इथे जास्त किंमत आहे.

धोका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या चेहऱ्यापेक्षा तालुक्याच्या बातमीदाराला जास्त असतो, कारण तो त्याच गावात राहतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडले गेले. छत्तीसगढच्या विजापूरमध्ये रस्त्याच्या कंत्राटातला भ्रष्टाचार उघड करणाऱ्या मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह ३ जानेवारी २०२५ रोजी एका सेप्टिक टाकीत सापडला. (हे विजापूर आपल्या शेजारचे नव्हे.) म्हणून प्रत्येक बाहेरच्या भेटीची वेळ, जागा आणि परतण्याची वेळ कोणातरी एकाला सांगून जायचे. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्याने काय करायचे हेही आधी ठरवायचे. रात्रीच्या काट्यावर एकट्याने जायचे नाही. पुरावा नेहमी दोघांकडे असावा. एकाला गप्प करून बातमी थांबत नाही, हे समोरच्याला कळले की धोका थोडा कमी होतो.

सीमाप्रश्नाचा व्हिडिओ हाती आला तर

या भागात काम करणाऱ्याला हे टळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात बस अडवल्याचे, फलक फासल्याचे व्हिडिओ फिरू लागतात. त्यांतले काही ताजे असतात, काही जुने. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. तशा घटनेची दृश्ये नव्या तारखेने फिरवणे अवघड नाही. तपासायचे ते असे. व्हिडिओतली एक चौकट काढून ते चित्र आधी कुठे आले होते का, हे इंटरनेटवर शोधायचे. बसचा क्रमांक आणि आगार बघायचे. दुकानांच्या पाट्या, रस्त्याची अवस्था, उड्डाणपूल झालेला आहे की नाही, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे की रेनकोट. सावली कोणत्या बाजूला पडते त्यावरून सांगितलेली वेळ जुळते का. मग त्या आगारात आणि त्या ठाण्यात फोन. याला तास-दीड तास लागतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या वाहिनीवर तो लागलेला असतो. तरी थांबावे. चुकीच्या व्हिडिओने निपाणीत पेटले की कोल्हापुरात उमटते, आणि दगड खातो तो बसचा चालक. तो कानडी असो की मराठी.

बातमी लागल्यानंतर

पहिल्या दिवशी फोन वाजतात, तिसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरी आणि लोकहिताची गोष्ट हा अपवाद आहे, पण ते दोन्ही दाखवून देण्याचा भार पत्रकारावर येतो. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षे. वाहिनीला प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नये. मूळ चित्रीकरण, पावत्या, पाठवलेले प्रश्न आणि त्यांची पोच, हे सगळे पत्रकाराने स्वतः निदान तीन वर्षे जपावे. सीमाभागातली बातमी दोन्ही राज्यांत दिसते, त्यामुळे खटला बेळगावात दाखल होईल की मुंबईत, हे आधी सांगता येत नाही. बेळगावातले प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर ते धारवाडच्या पीठापुढे जाते.

चूक झाली असेल तर दुरुस्ती त्याच बुलेटिनमध्ये, त्याच वेळेला, तितक्याच ठळकपणे द्यावी. प्रेक्षकाला तक्रार करायची असेल तर आधी वाहिनीकडे आणि समाधान झाले नाही तर, वाहिनी सदस्य असल्यास, वृत्तवाहिन्यांच्या एनबीडीएसए या मंडळाकडे जाता येते.

उसाचा दुसरा धागाही इथेच उचलावा. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. ज्या बारा शेतकऱ्यांच्या पावत्या आधीच हाती आहेत, त्यांच्या बँकेच्या पासबुकावर पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, व्याज आले का, हे विचारले की पुढची बातमी तयार होते. काट्यांची फेरतपासणी झाल्याचे खात्याने जाहीर केले, तर तिच्या अहवालासाठी त्याच दिवशी नवा अर्ज टाकायचा, दीडशे शब्दांच्या आत. आणि पुढच्या हंगामात पहिल्या आठवड्यातच त्याच ट्रॉल्या, त्याच दोन खासगी काट्यांवर, चालक उतरवून, पुन्हा तोलायच्या.